खाल्ल्या मिठाचा हिशेब

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे चौतीस वर्षांचे, मूळचे सांगली जिल्ह्यातले. हॉटेल मॅनेजमेंट पुण्यात, मग पाच वर्षं गोव्यात नोकरी. अडीच वर्षांपूर्वी जनरल एम्प्लॉयमेंट परमिटवर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावात गेले, एका कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलात. शेफ दि पार्टी (किचनच्या एका विभागाचा शेफ) म्हणून लागले, आता सू-शेफ (हेड शेफच्या खालोखालचा) आहेत. परमिटचा सगळा खटाटोप मालकांनी केला. राहायला स्टाफ हाउस आहे, भाडं पगारातून वळतं होतं. पगार वर्षाला ३६ हजार युरो. करारात आठवड्याचे ३९ तास लिहिलेत, पण प्रत्यक्षात सकाळी दहा ते तीन आणि संध्याकाळी पाच ते अकरा, आठवड्याचे पाच दिवस; जुलै-ऑगस्टमध्ये सहा. गेल्या वर्षी बायको आणि पाच वर्षांची मुलगी तिकडे आल्या. बायको नर्सिंग होममध्ये काम करते. आता गॉलवे शहराजवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमधून बोलावणं आलंय. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते साडेतीन, पगार वर्षाला हजारभर युरो जास्त.

मालकीणबाई म्हणतात, ‘तू आता घरचाच.’ साखर कारखान्यात एकाच खात्यात ३१ वर्षं काढलेले वडील फोनवर म्हणतात, ज्याने नेलं त्याच्या खाल्ल्या मिठाला जाग. किचनमधला गोव्याचा मित्र म्हणतो, उद्याच राजीनामा फेक. आणि यांना स्वतःला वाटतं, सू-शेफ होऊन कँटीनमध्ये पळीने वाढत उभं राहायचं म्हणजे घसरणच. त्यांचे मुख्य प्रश्न दोन. मी कृतघ्न ठरेन का? आणि माझं करिअर इथेच संपलं का?

प्रिय मित्र,

पत्राखाली तुम्ही वेळ टाकली आहे, रात्रीचे पावणेदोन. तेवढ्यावरून मला सगळं दिसलं. साडेदहाला शेवटचं डॉकेट (ऑर्डरची चिठ्ठी), मग शेगड्या पुसणं, फ्रिजची तापमानं वहीत लिहिणं, उरलेलं चाउडर (माशांचं दाट सूप) थंड करून लेबल लावणं, घरी येऊन गरम पाण्याखाली उभं राहणं, आणि झोप येत नाही म्हणून अंथरुणात फोन. अंगातली सर्व्हिस, म्हणजे वाढपाच्या वेळची धांदल, उतरायला दोन तास लागतात. मीही त्या वेळेला आयुष्याचे बरेच निर्णय घेतले आणि सकाळी दहाला मोडले. तेव्हा एक विनंती आधीच करतो: हे उत्तर सुट्टीच्या दिवशी वाचा, दुपारी, जेवण झाल्यावर. स्वयंपाकघरात उभ्याने खाल्लेलं जेवण यात धरलेलं नाही.

मी आयरिश किचनांमध्ये २२ वर्षं काढली. जागा बऱ्याच बदलल्या. त्यामुळे सल्ला देतोय तो कोरड्या काठावरून नाही, एवढं समजून घ्या.

मिठापासूनच सुरू करू. तुमच्या पत्रात तीनदा ‘त्यांचं परमिट’ असे शब्द आलेत. मी २००१ साली केरी काउंटीत गेलो तेव्हा ते अगदी खरं होतं. परमिट मालकाच्या नावाने निघायचं, वर्षाच्या बोलीवर. आमच्या मालकांनी ते ऑफिसातल्या तिजोरीत ठेवलं होतं. मला ते दाखवावं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि मागावं असं मला कधी सुचलं नाही. २००६ च्या कायद्याने हे पालटलं. २००७ पासून परमिट कामगाराच्या नावाने निघतं आणि ते त्याच्याच हातात असतं. तुमच्या खणात जो कागद आहे तो तुमचा आहे. त्याची फी, दोन वर्षांच्या परमिटला १००० युरो, मालकांनी भरली असेल. पण ती कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे कायदा तिला धंद्याचा खर्च मानतो. गावात शेफ मिळत नव्हता म्हणून त्यांनी तो केला, आणि तुम्ही अडीच वर्षं त्यांचं किचन चालवून त्याची भरपाई केलीत. यात कुणी कुणावर उपकार केल्याचं मला तरी दिसत नाही.

पण कायदा सांगून मनाची टोचणी जात नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माझी गोष्ट सांगतो.

आमचं हॉटेल तुमच्यासारखंच. रविवारी चर्चमधली मास संपली की अख्खं गाव कार्व्हरीच्या रांगेत. मांस कापायला मी उभा: बीफ, टर्की, हॅम. पहिल्याच रविवारी एका आजोबांच्या ताटात मॅश (कुस्करलेला बटाटा) वाढला आणि पुढच्या माणसाकडे वळलो, बटाटा वाढून झाला अशा समजुतीने. आजोबा हलेनात. त्यांच्या चेहऱ्यावर, पंगतीत भात न वाढताच वाढपी पुढे गेल्यावर असतो तसा भाव. मग कळलं की त्या ताटात मॅश, भाजलेला बटाटा आणि वर क्रोकेट अशी तिन्ही रूपं एकदम असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. (आपणही साधा भात, मसालेभात आणि दहीभात एकाच पानात खातोच की.)

तर २००३ च्या एप्रिलमध्ये मला कॉर्कच्या एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये जागा मिळाली. तेव्हा नव्या मालकाने नवं परमिट काढायचं असा रिवाज होता. ते आलं, राजीनामा लिहिला आणि घडी घालून शेफकोटाच्या बाहीवरच्या खिशात ठेवला, पेन आणि थर्मामीटर असतो त्या खिशात. तीन आठवडे तो तिथेच. कोट धुवायला टाकला की काढायचा, नव्या कोटात घालायचा. आज मालकांचा मूड नाही. आज बस भरून पर्यटक आलेत. आज शुक्रवार. शेवटी एका मंगळवारी सकाळी ऑफिसात जाऊन दिला, तोवर त्यावर ग्रेव्हीचा एक गोल डाग पडला होता. माझ्या घशाला कोरड. मालकांनी वाचलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘ओह, राइट. कम्युनियन होईपर्यंत थांबशील ना?’ मे महिन्यातल्या फर्स्ट होली कम्युनियनच्या (कॅथलिक मुलांच्या एका धर्मविधीच्या) जेवणावळी म्हणजे तिथली लग्नसराईच. त्यांना काळजी होती ती तेवढीच. मी थांबलो, त्यांनी सुंदर शिफारसपत्र दिलं, आणि पुढच्या सोमवारी माझ्या जागी लिमरिकचा एक पोरगा उभा होता.

तुमच्या मालकीणबाई इतक्या सहज घेतीलच असं मी म्हणत नाही. कदाचित रडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण ‘घरचाच’ म्हणताना त्या रोस्टरही (ड्युटीचं वेळापत्रक) बनवतात, हे लक्षात असू द्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माया खोटी नाही आणि रोस्टरही खोटं नाही.

त्या रोस्टरचा हिशेब तुम्ही पत्रात मांडलेला नाही, म्हणून मी मांडला. ३६ हजार भागिले ५२ आठवडे, म्हणजे आठवड्याला ६९२ युरो. करारातल्या ३९ तासांनी भागलं तर तासाला १७ युरो ७५ सेंट येतात, चांगला दर. पण तुम्ही लिहिलेल्या वेळा बोटांवर मोजा. सकाळचे पाच, संध्याकाळचे सहा, असे अकरा. पाच दिवसांचे पंचावन्न. ६९२ भागिले ५५, म्हणजे १२ युरो ५९ सेंट. रोज अर्धा तास खरोखर बसून जेवता असं मानलं (मी मानत नाही), तरी १३ युरो १९ सेंट. २०२५ सालचं आयर्लंडचं किमान वेतन तासाला १३.५० युरो होतं आणि १ जानेवारी २०२६ पासून ते १४.१५ झालं. म्हणजे हॉटेलचे सू-शेफ, बशा धुणाऱ्या किचन पोर्टरच्या किमान दरापेक्षा कमी दराने राबतायत. आणि हा पाच दिवसांचा हिशेब. जुलै-ऑगस्टचा मी काढलाच नाही, तुम्हीच काढा.

‘मी तर महिन्याच्या पगारावर आहे, मला तासांचं काय?’ असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. किमान वेतन प्रत्यक्ष केलेल्या तासांवरच मोजतात. आठवड्याला सरासरी ४८ तासांची कमाल मर्यादा १९९७ च्या कामाच्या वेळेच्या कायद्यातच आहे. त्याच कायद्याप्रमाणे दोन दिवसांच्या कामामध्ये सलग अकरा तासांची विश्रांती हवी. रात्री अकरा ते सकाळी दहा: बरोबर अकरा. ज्याने तुमचं रोस्टर बनवलं त्याला कायदा पाठ आहे, निदान ते एक कलम.

मालक चोर आहेत असं मला म्हणायचं नाही. पश्चिमेकडच्या छोट्या हॉटेलांचे ऑक्टोबर ते मार्च कसे जातात ते मी आतून पाहिलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये जेवणावरचा व्हॅट ९ टक्क्यांवरून १३.५ वर गेला, विजेची बिलं वाढली, पगार वाढले. माणसं मेटाकुटीला येतात. पण त्यांची तोंडमिळवणी तुमच्या संध्याकाळींतून होते आहे, आणि हे त्यांनी तुम्हाला विचारून केलेलं नाही. मीठ तुम्ही खाल्लंत हे खरं. किती घातलंत, तेही तोला.

म्हणून नोकरी सोडण्याआधी एकदा बोला. महिनाभर खिशातल्या वहीत रोजच्या आत-बाहेरच्या वेळा लिहा. साधी वही, पेनने. मग मालकांपुढे दोन गोष्टी ठेवा: आठवड्यातून दोन संध्याकाळी सुट्टी, आणि जादा तासांचे पैसे किंवा बदली रजा. उत्तर ऐकताना मात्र आयरिश भाषेचा नव्हे, आयरिश स्वभावाचा शब्दकोश जवळ ठेवा. ‘लीव्ह इट विथ मी’ म्हणजे बहुधा विसरून जा. ‘वी विल सी’ म्हणजे नाही. आणि ‘आय विल, याह’ असं जरा लांबवून म्हटलं तर ते ठाम नाही. तिथली माणसं तोंडावर नकार देत नाहीत. आपल्याकडे ‘बघू, करू’ म्हणतात तसंच. तारीख सांगितली, ‘पुढच्या सोमवारपासून’ म्हणाले, तर ते खरं धरा.

खरं सांगायचं तर मला यातून फारसं काही निघेल असं वाटत नाही. एकच सू-शेफ असलेल्या किचनमध्ये त्याच्या दोन संध्याकाळी कुठून आणणार? तरीही बोला. एवढ्यासाठी की नंतर तुम्ही निघालात तर ते अचानक झालं असं कुणी म्हणणार नाही, आणि तुम्हालाही मनातून वाटणार नाही.

गोव्याच्या मित्राकडे वळतो. पत्रात ओझरता उल्लेख आहे की त्याच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. मग तो युरोपीय नागरिक. आज संध्याकाळी एप्रन काढून उद्या सकाळी समोरच्या हॉटेलात उभा राहू शकतो. त्याचा सल्ला मनापासूनचा असेल, पण तो त्याच्या पासपोर्टचा सल्ला आहे. मीही माझ्या काळात एका पोलिश मित्राचं ऐकून तोंडी राजीनामा देणार होतो. २००४ च्या मे महिन्यात त्यांचा देश युरोपीय संघात आला आणि आमच्या किचनमध्ये एकाच ओट्यावर दोन प्रकारची माणसं झाली: ज्यांना दार उघडं होतं ती आणि ज्यांना कागद लागत होता ती. भांडणं बटाट्यांवरून व्हायची, पण मुळात असायची त्यावरून.

तुमच्यासाठी नियम असा. २ सप्टेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. आयर्लंडमधल्या पहिल्या नोकरीत नऊ महिने झाले की त्याच परमिटवर, त्याच प्रकारच्या कामात मालक बदलण्याचा अर्ज करता येतो. तुमचे नऊ महिने केव्हाच उलटून गेले. अर्ज ऑनलाइन होतो. मंजुरी हातात पडेपर्यंत नव्या जागी एक दिवसही काम करायचं नाही, ‘ट्रायल शिफ्ट’ सुद्धा नाही. आणि तोवर जुन्या जागी राजीनामाही द्यायचा नाही.

यात एक खाच आहे. नव्या करारात तुमच्या पदाचं नाव काय लिहिलंय ते बघा. परमिटच्या यादीत शेफ आणि कुक ही दोन वेगळी कामं आहेत. शेफला परमिट मिळतं, कुकला नाही. कँटीन, नर्सिंग होम, शाळा अशा ठिकाणी भोळेपणाने ‘कुक’ किंवा ‘कॅटरिंग असिस्टंट’ असं लिहून मोकळे होतात. त्यांना नाव सुधारून मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, एचआरवाल्यांना हे अनेकदा खरंच माहीत नसतं. पगाराचा आकडाही ताडून पाहा. परमिटसाठीची किमान मर्यादा २०२४ मध्ये ३४ हजारांवर गेली आणि पुढेही ती वाढवत न्यायचं सरकारचं धोरण आहे. अर्जाच्या दिवशी मर्यादा काय आहे ते सरकारी संकेतस्थळावर बघायचं, मित्राच्या तोंडून नाही.

तुम्ही भीत भीत विचारलंय की मालक बदलला तर स्टॅम्प ४ (परमिटशिवाय राहून काम करण्याची मुभा) साठीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात का. नाही. परमिटवरची वर्षं तुमची, मालकाची नव्हेत. मध्ये खंड पडू देऊ नका म्हणजे झालं.

आता कँटीन. इथे मी तुमच्याशी थोडा भांडणार आहे.

कॉर्कच्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा माझ्याही मनात हेच होतं: आपण सॉसवर हात बसवलेला माणूस, आता आइस्क्रीमच्या चमच्याने मॅशचे गोळे टाकायचे. पहिल्या आठवड्यात मला दळलेल्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ज्या पेशंटना गिळायला त्रास होतो त्यांचं जेवण. मी बीफ, गाजर आणि बटाटा एकत्र मिक्सरला लावला. माझी वरिष्ठ, पन्नाशीची बाई, काही न बोलता तो वाडगा माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘खा.’ तपकिरी लापशी. मग तिने तिन्ही जिन्नस वेगळे दळले, प्रत्येकाची चव वेगळी लावली, ताटात तीन वेगळे गोळे ठेवले. ‘ती बाई आजारी आहे,’ म्हणाली, ‘पण आपण काय खातोय ते तिला कळायला नको?’ गाजर दळून त्याला गाजराचीच चव राहील, पाणचट होणार नाही, घशात अडकणार नाही, हे मला जमायला दोन आठवडे लागले. हॉटेलात इतकं काळजीपूर्वक मी एकही गाजर शिजवलं नव्हतं.

कारखान्याची कँटीन हॉस्पिटल नव्हे, मान्य. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. तुमच्या हॉटेलातला पाहुणा दोन रात्री राहून जातो; त्याला रोज तोच चाउडर दिला तरी बिघडत नाही. कँटीनचा माणूस उद्या परत येतो, परवाही येतो, आणि सूप कालच्यापेक्षा पातळ असेल तर तोंडावर सांगतो. चार आठवड्यांचा मेन्यू फिरता ठेवायचा, माणशी ठरलेल्या पैशांत बसवायचा, चौदा ॲलर्जन रोज लेखी लावायचे, बारा ते एकच्या तासात सगळ्यांना वाढून मोकळं व्हायचं. ऑर्डरिंग आणि कॉस्टिंग तुमच्या हेड शेफने आजवर तुमच्या हाती लागू दिलं नसेल. तिथे पहिल्या महिन्यात अंगावर पडेल. याला घसरण म्हणायचं असेल तर म्हणा. मी तिथेच हिशेब करायला शिकलो.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. शनिवारी रात्री आठ वाजता रेलिंगवर पंधरा डॉकेटं लटकलेली, कुणी कुणाशी बोलत नाही आणि तरी सगळं पासवर (तयार ताटं ठेवायच्या ओट्यावर) वेळेत येतंय, ती गंमत कँटीनमध्ये नाही. कधीच नसेल. टिपाही नसतील. मला वर्षभर शनिवारी आठ वाजले की घरात बसवेना. पहिल्या आठवड्यात मी साडेपाचला दारात उभा राहिलो तर बायकोने विचारलं, ‘काढून टाकलं का?’ त्या रिकाम्या संध्याकाळींची सवय व्हायला वेळ लागतो, आणि काहींना ती होतच नाही. मी स्वतः २००६ मध्ये परत एका रेस्टॉरंटमध्ये गेलो. मंदी आली आणि २००९ मध्ये ते बंद पडलं, मग पुन्हा हॉस्पिटल. दोन्ही वेळा मला कुणी ‘तुम्ही टिकत का नाही’ असं विचारलं नाही. आयरिश केटरिंगमध्ये मुलाखत म्हणजे, ‘कधीपासून येतोस?’ तेव्हा करिअर संपण्याची भीती बाजूला ठेवा. दोन वर्षांनी हात शिवशिवले तर हॉटेलं तिथेच असतील, आणि तेव्हाही त्यांना शेफ मिळत नसेल.

पत्रात एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय: ‘घराचं बघावं लागेल.’ मला तर अख्खं पत्रच त्या कंसात दिसतं. नोकरी सोडली की स्टाफ हाउस सुटणार, आणि गॉलवेत भाड्याने घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा कितीतरी अवघड. कृतज्ञता, मीठ, करिअर हे सगळं खरंच आहे. पण रात्री पावणेदोनला झोप उडवतं ते हे, असा माझा संशय. तो खरा असेल तर क्रम उलटा करा: आधी घर, मग सही. नव्या मालकांना विचारा की रुजू व्हायला दीड-दोन महिने देता का. परमिटच्या अर्जालाही वेळ लागतोच, त्यामुळे ही मागणी विचित्र दिसत नाही. शहरातच हवं असा हट्ट नको. ओरॅनमोर, ॲथनराय इथून गॉलवेला रेल्वे आहे. पण सात वाजता हजर व्हायचं तर गाडीवाचून चालणार नाही, आणि भारतीय लायसन्स तिथे बदलून मिळत नाही; थिअरी टेस्टपासून सगळं करावं लागतं. ते अजून सुरू केलं नसेल तर याच आठवड्यात करा, नोकरी बदला की न बदला. भाडं किती वाढेल ते हजारभर युरोच्या पगारवाढीशेजारी लिहून बघा. आकडा बहुतेक उणे येईल. मग त्या उण्यासमोर आठवड्याचे साडेबारा तास लिहा आणि दोघांनी ठरवा.

‘दोघांनी’ म्हणालो, कारण पत्रात तुमच्या बायकोचं मत एका ओळीतही नाही. वडील काय म्हणतात ते आहे, मालकीणबाई आणि मित्र काय म्हणतात तेही आहे. ज्या बाईने गेलं वर्षभर मुलीला रोज रात्री एकटीने झोपवलं, ती काय म्हणते? आणि व्यवहाराचंही बघा. २०२४ च्या मे महिन्यापासून तुमच्यासारख्यांच्या जोडीदाराला स्टॅम्प १जी मिळतो, त्यावर वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते. म्हणजे घरात मोकळ्या पायाची व्यक्ती ती आहे. नर्सिंग होमं गॉलवेतही आहेत. कदाचित तिनेच आधी तिकडे नोकरी आणि घर बघावं, आणि तुम्ही मागून जावं. मुलीची शाळा ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते आणि तुमचा सीझन ऑगस्टअखेर ओसरतो. या दोन तारखा जुळतात, त्यांचा फायदा घ्या.

वडिलांना कायद्याची कलमं सांगू नका. त्यांना तास सांगा. साखर कारखान्यातला माणूस आहे; पाळी म्हणजे काय, ओव्हरटाइम म्हणजे काय, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. आठ तासांनी भोंगा वाजला की ते सायकल काढून घरी येत असणार आणि तुम्ही दारात वाट बघत असणार. ‘बाबा, माझ्या कारखान्याला भोंगाच नाही,’ एवढं म्हणून बघा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं वेगळं. तुमच्यापैकी कुणाचा पासपोर्ट किंवा परमिट मालकाने ‘सांभाळून’ ठेवलं असेल, परमिटचा खर्च पगारातून कापला जात असेल, किंवा बँकेत आलेल्या पगारातले काही पैसे रोखीने परत द्यावे लागत असतील, तर वरचा गोडीगुलाबीचा सल्ला तुमच्यासाठी नाही. कागद ठेवून घेणंही बेकायदा आहे आणि खर्च कापणंही. मालक आपल्याकडचा आहे, सणाला घरी जेवायला बोलावतो, यानेही काही फरक पडत नाही. वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे (नोकरीतल्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) तक्रार सहा महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून ‘परमिट संपू दे, मग बघू’ असं करत बसू नका. मायग्रंट राइट्स सेंटर आयर्लंड ही डब्लिनची संस्था अशा प्रकरणांत मदत करते. तुमची चूक नसताना परमिट हातचं गेलं असेल तर त्यासाठी रिअ‍ॅक्टिव्हेशन परमिट नावाची वेगळी सोय आहे. आणि नोकरीच गेली, हॉटेल बंद पडलं, तर चार आठवड्यांच्या आत परमिट खात्याला कळवायचं. त्यानंतर नवी जागा शोधायला सहा महिने मिळतात. कळवलं नाही तर हे सहा महिने हातचे जाऊ शकतात.

तुमच्याकडे परत येतो. मंजुरी आली आणि घर मिळालं तर राजीनामा मंगळवारी सकाळी द्या, डिलिव्हरी आत घेऊन झाल्यावर. शुक्रवारी नको, सर्व्हिसच्या मध्ये तर नकोच. कायद्याने एक आठवड्याची नोटीस पुरते, करारात जास्त असेल तर तेवढी. तुम्ही चार आठवडे द्या, ते तुमच्या स्वभावाला साजेल. कारण एकच सांगा, मुलगी. ते खरं आहे आणि त्यावर तिथे कुणी वाद घालत नाही. मालकीणबाईंना त्या आठवड्यात एकदा घरी जेवायला बोलवा, तुमच्या हातचं आपलं जेवण घाला. अडीच वर्षांत त्यांनी ते एकदाही खाल्लेलं नसेल, पैज लावतो.

आणि शेवटच्या दिवशी सुऱ्या मोजून घ्या. माझी एक चांगली पॅलेट नाइफ २००३ पासून केरीतच आहे.